भट्टी कुठे गेली?

महोदय,

रविवार पुरवणीत एका सिरॅमिक शिल्पकाराच्या कलाप्रवासावरचा लेख वाचला. लेख चांगला, छायाचित्रं त्याहून चांगली. पण ‘शून्याचा शोध’ दोनदा आला, ‘मातीशी संवाद’ तीनदा; भट्टी मात्र एकदाही आली नाही. गेली बारा वर्षं हौसेने मातीत हात घालते आहे, त्यामुळे हे खटकलं.

दगडाच्या शिल्पावर छिन्नीचा शेवटचा घाव पडला की काम हातावेगळं होतं. मातीत तसं नाही. आपण हात धुतले तरी निम्मं काम बाकीच असतं. माती वाळताना आकसते, भाजताना पुन्हा आकसते. दोन्ही मिळून दहा-बारा टक्के सहज. ५७३ अंश सेल्सिअसच्या आसपास तिच्यातल्या गारगोटीची, म्हणजे क्वार्ट्‌झची रचना बदलते, आणि भट्टी निवताना घाई केली तर तिथे तडा जाऊ शकतो. माझी पहिली मोठी मूर्ती, बसलेली बाई, पुरती वाळण्याआधीच मी भट्टीत ठेवली होती. भिंत जाड, आत ओल. वाफेला वाट मिळाली नाही. दार उघडलं तेव्हा बाईचे गुडघे तेवढे जागेवर होते, बाकी खापऱ्या. (‘हवेचा बुडबुडा राहिला असेल,’ असं सगळे म्हणाले. बुडबुडा बिचारा फुकट बदनाम आहे, घात करते ती ओल.) तेव्हापासून मूर्ती आतून कोरून पोकळ करते.

शून्याचंच म्हणायचं तर तोशिको ताकाएझू (१९२२–२०११) आठवतात. हवाईत जन्मलेल्या या अमेरिकन शिल्पकार आधी भांडी घडवायच्या. पुढे त्यांनी भांड्याचं तोंड लहान करत करत जवळपास मिटवूनच टाकलं, वाफेपुरतं बारीक भोक ठेवून. त्यात आता काही ओतता येईना, म्हणजे भांडं संपलं. तोंड मिटण्याआधी त्या कागदात गुंडाळलेली मातीची गोळी आत टाकत. भट्टीत कागद जळे, गोळी सुटी होई आणि शिल्प हलवलं की आत खुळखुळे. बाहेरच्या रंगांपेक्षा आतला न दिसणारा अंधार त्यांना महत्त्वाचा वाटे. पण ती गोळी सुटी करायला आग लागतेच ना?

केनियात जन्मलेल्या, ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या मॅग्डलीन ओडुंडो चाकाला हात लावत नाहीत. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून, घोटून घोटून त्या चकाकी आणतात, ग्लेझ (काचेसारखा लेप) नाहीच. भट्टीत हवा खेळती ठेवली की ती माती केशरी होते, धूर कोंडून प्राणवायू तोडला की तीच काळी. रंगाची निवड इथे आगीमार्फत होते. ‘मातीशी संवाद’ म्हणायचं असेल तर आगीलाही त्यात बोलू द्यायला हवं.

आणखी एक. ‘उपयुक्त भांड्यांपासून शुद्ध कलेकडे झेप’ हे वाक्य नसतं तर बरं झालं असतं. भांडी म्हणजे जणू जिन्याची खालची पायरी! ओडुंडोंचे बहुतेक आकार घटाचे आहेत. त्यात कोणी पाणी भरत नाही, म्हणून घटाचा गळा आणि पोट काही पुसलं जात नाही.

पुढच्या वेळी शिल्पकाराला प्रेरणेबरोबर एवढंही विचारावं: यंदा भट्टीत काय काय फुटलं, आणि त्यातलं पुन्हा काय करायला घेतलं? जमल्यास त्या खापऱ्यांचंही एक छायाचित्र छापावं.

आपली,
एक नियमित वाचक