गाळा ठरला

कोल्हापूर, रविवार

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

माझ्या पायांच्या दवाखान्यासाठी गाळा ठरला हे फोनवर सांगितलं तेव्हा बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. मागून आईचा आवाज आला, "मग राजारामपुरीतली जागा का सोडली?" दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आज निवांत बसून लिहितेय.

आई, राजारामपुरीची जागा मलाही आवडली होती. आजूबाजूला डॉक्टर, मेडिकल, लॅब. शुगरचे पेशंट ज्या फिजिशियनकडे जातात त्यांच्याच शेजारी बसलं की ते पाय बघायला माझ्याकडे पाठवणार, हा हिशोब सरळ आहे. पण जागा पहिल्या मजल्यावर, एकवीस पायऱ्या. लिफ्ट आहे, पण लिफ्टच्या दारापर्यंतच चार पायऱ्या. मालक म्हणाले, चार पायऱ्यांनी कोण अडतंय? माझे पेशंट अडतात. ज्याच्या तळव्याला जखम आहे त्याला आम्ही पहिली गोष्ट सांगतो ती ही, की त्या पायावर भार देऊ नका. दाब निघाला नाही तर कितीही भारी मलम लावा, जखम भरत नाही. असं सांगून त्यालाच दर तिसऱ्या दिवशी जिना चढून ड्रेसिंगला बोलवायचं, हे मला जमणार नाही. शिवाय मी एकटी. उचलून आणायला वॉर्डबॉय नाही, हाताखाली दुसरा डॉक्टर नाही. जे मला एकटीला पेलणार नाही ते जागेनंच सोपं करायला हवं.

खरं सांगू? जागा बघताना प्रत्येक ठिकाणी मला आजी दिसायची. शुगरनं पाय बधिर झालेले, त्यामुळं चपलेत शिरलेला खडा तिला दिवसभर कळला नाही. उसाच्या सरीतून तशीच फिरली आणि संध्याकाळी आईनं चपलेवर रक्त बघितलं. मग हळद, मग गावातली पट्टी, आणि तीन आठवड्यांनी कोल्हापूर. एका गाडीतून उतरून दुसरीत, तिथून पायी, आणि शेवटी एका दवाखान्याचा जिना. बाबा, तुम्ही तिला पाठीवर घेऊन तो चढलात. गुडघ्याखालून पाय गेला तो शुगरनं, हे खरं. पण डॉक्टरच्या खुर्चीपर्यंत पोचायलाच तिला त्या जखमेवर किती पावलं टाकावी लागली, हे मी अजून मोजतेय.

शाहूपुरीत मोठ्या स्टँडजवळ एक गाळा होता. तळमजला, भाडंही आवाक्यातलं. शेजारच्या दुकानदारानं भिंतीवरची पाण्याची खूण दाखवली, माझ्या खांद्याएवढी. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना पोचलं की इशारा आणि ४३ ला धोका. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगा ५५ च्याही वर गेली होती. माझी खुर्ची आणि हत्यारं निर्जंतुक करायचं ऑटोक्लेव्ह एका रात्रीत गेलं तर पुन्हा उभं राहायला मला वर्ष लागेल. आणि पूर ओसरल्यावरच तर माझी गरज जास्त. बधिर पायानं गढूळ पाण्यातून चाललेल्या माणसाला काच लागलेली कळत नाही. त्याच आठवड्यात दवाखाना बंद ठेवून कसं चालेल? ताराबाई पार्क बघितलं आणि सोडलं. छान आहे, शांत आहे, पण ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्यासाठी.

बाबा, "घराचा पुढचा सोपा रिकामा आहे, गारगोटीतच टाक" हे तुम्ही तीनदा बोललात. मला लगेच हो म्हणावंसं वाटत होतं. पण पायाचं काम एकट्या डॉक्टरचं नसतं. पायात रक्त कमी पोचतंय असं डॉपलरवर दिसलं तर त्याच दिवशी रक्तवाहिन्यांचे सर्जन गाठावे लागतात. जखम हाडापर्यंत गेली असेल तर एक्सरे आणि लॅब लागते, दाखल करायची वेळ आली तर सीपीआर, म्हणजे इथलं मोठं सरकारी हॉस्पिटल. तिथल्या सोप्यात बसून मी नुसत्या चिठ्ठ्या लिहीन आणि पेशंटला पुन्हा तोच प्रवास. सोपा मात्र तसाच राहू दे. बस्तान बसलं की महिन्यातून दोन बाजार मी तिथंच बसेन.

म्हणून कोल्हापुरातलंच संभाजीनगर, तिथल्या एसटी स्टँडजवळ. हे मला तुमच्यामुळंच सुचलं. कंडक्टरकीत तुम्ही सांगायचा ना, म्हातारी माणसं मोठ्या स्टँडपर्यंत येतच नाहीत, संभाजीनगरलाच उतरतात. मी सलग तीन दिवस सकाळी नऊ ते बारा त्या स्टँडवर बसले. गारगोटीकडच्या गाड्यांतून कोण उतरतंय, कसं चालतंय, कोणाची चप्पल एका बाजूनं झिजलीय, सगळं बघितलं. टाचेवर जपून पाऊल टाकणारी, अंगठ्याला फडकं बांधलेली किती माणसं! फाटकापासून गाळ्यापर्यंत माझी एकशे चाळीस पावलं होतात. रिक्षा दाराशी लागते. उंबऱ्याला एकच पायरी आहे, तिथं मालक उतार करून देणार आहेत. गुळगुळीत फरशी काढून खरखरीत घालायची हे मी करारात लिहून घेतलंय. अकरा महिन्यांचा करार नको म्हटलं. एवढा खर्च करून वर्षाच्या आत उठवलं तर? पाच वर्षांवर मानले. वेळ साडेनऊ ते चार, म्हणजे लांबच्या माणसाला मुक्कामाच्या गाडीची वाट बघायला नको.

आणि एक. माझ्या दवाखान्यात चपला बाहेर काढायच्या नाहीत. आईला हे पटणार नाही, ठाऊक आहे. पण चप्पल हाच माझा अर्धा रिपोर्ट आहे. तळ कुठं झिजलाय, अंगठ्याचा पट्टा कुठं घासतोय, आत खिळा आलाय का, हे चप्पल हातात घेतल्याशिवाय कळत नाही. बधिर पायाच्या माणसानं तर घरातही अनवाणी फिरू नये. जवाहरनगर-सुभाषनगरात पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरी शिवणारे कारागीर आहेत. त्यांच्यातल्या एकाशी बोलले. मऊ रबराचा तळ, मागं पट्टा, अंगठ्याला कडी नाही, अशी चप्पल करून बघायला ते तयार आहेत. पाटी मोठ्या मराठी अक्षरांत लावणार, 'पायांचा दवाखाना'. भोवरी, रुतलेलं नख, भेगा, काहीही असलं तरी या म्हणून. पोडियाट्री हा शब्द खाली बारीक चालेल.

डिपॉझिट माझ्या साठवलेल्या पैशातून भरलंय, उपकरणांसाठी बँकेचं कर्ज मिळतंय. बाबा, तुमच्या ग्रॅच्युइटीला हात लावायचा नाही. आई, तूही बांगड्यांचं बोलू नको.

पुढच्या गुरुवारी दोघंही या. बाबा, गेल्या वेळी तुमच्या तळव्याला स्पर्श कळतो का हे मी नायलॉनच्या त्या दहा ग्रॅमच्या धाग्यानं तपासत होते, तेव्हा उजव्या अंगठ्यापाशी तुम्ही दोनदा "लागला" म्हणालात, आणि दोन्ही वेळा मी धागा टेकवलाच नव्हता. ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. पहिला केसपेपर तुमचा. नवीन बूट घालून येऊ नका. शेतात घालता ती जुनी चप्पल घालून या, आणि घरातली पिशवीत टाकून आणा.

तुमची,
धाकटी