डुकरं पकडताय तर एक स्वॅब पण घ्या की

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळा आला की मोकाट डुकरांची बातमी ठरलेलीच, शिवारात भात तुडवलं, गल्लीत कचऱ्याच्या पिशव्या फाडल्या, मग निवेदन, मग पेपरात फोटो, मग गाडी येऊन चार डुकरं उचलून नेते आणि विषय संपला. मी बेळगावच्या शहापुरात राहतो, लॅब टेक्निशियन आहे, म्हणून मला ह्यात दुसरंच काहीतरी खटकतंय. डुक्कर पकडून गाडीत घालेपर्यंत हाताशीच असतंय, तेवढ्यात त्याच्या घशातून एक स्वॅब घ्यावा हे कुणाच्या तोंडून अजून ऐकलं नाही.

स्वॅब कशाला, तर स्ट्रेप्टोकॉकस सुइस नावाचा एक बॅक्टेरिया आहे, डुकराच्या नाकात आणि टॉन्सिलमध्ये राहतो, बऱ्याच डुकरांना त्याचं काही होत पण नाही. माणसाला लागला तर मात्र मेंदूच्या आवरणाला सूज, रक्तात इन्फेक्शन, आणि जगले त्यातले बरेच जण कानानं जातात. माणसातली पहिली केस 1968 ला डेन्मार्कमध्ये सापडली. 2005 मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात दोनशेवर लोकांना झाला, 38 दगावले, बहुतेक सगळे शेतकरी, आजारी नाहीतर मेलेलं डुक्कर घरीच कापलेले. व्हिएतनाममध्ये मोठ्या माणसांच्या बॅक्टेरियल मेनिंजायटिसचं, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या ह्याच सुजेचं, मुख्य कारण हाच, तिथं डुकराचं कच्चं रक्त खायची पद्धत पण आहे. (स्वाइन फ्लू वेगळा, तो व्हायरस, कृपा करून त्यात हे मिसळू नका.)

घाबरवायला लिहीत नाही. नीट शिजवलेल्या मांसातून हा येत नाही, आणि एका माणसाकडून दुसऱ्याला सहसा पसरत नाही. ह्याला आत शिरायला बहुतेक वेळा हातावरची जखम पुरते. रविवारी सकाळी डुक्कर कापणाऱ्याचा हात बघा कधी, अंगठ्याला चिंधी बांधलेली, ती भिजून काळपट झालेली, त्याच हातानं आतडी ओढून बादलीत टाकतोय, ग्लोव्हज कुठले आणि काय. पहिला धोका त्याला आहे, गॅलरीत उभं राहून तक्रार करणाऱ्या आपल्याला नाही, पण निवेदनात त्याचं नाव कधी येत नाही.

बरं, आपल्याकडं अशी केस आलीच तर कळेल का? तापानं फणफणलेला, मान ताठ झालेला माणूस आधी गावातल्या डॉक्टरकडं दोन दिवस इंजेक्शन घेतो, उतार पडला नाही की मग मोठ्या दवाखान्यात आणतात, आणि पाठीतलं पाणी काढून लॅबला येतं तोवर अँटिबायोटिकनं जंतू मेलेले, प्लेटवर काही उगवतच नाही. उगवलं तरी ब्लड अगारवर (जंतू वाढवायची रक्त घातलेली प्लेट) टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आणि भोवती हिरवट कडं, तसलं कडं तोंडातल्या साध्या स्ट्रेपचं पण असतंय, मग रिपोर्टवर व्हिरिडन्स स्ट्रेप लिहून मोकळं. ही गफलत बाहेरच्या देशातल्या लॅबमध्ये पण झालेली आहे, आमच्याच धंद्याची बदनामी करायला सांगत नाही. आणि पेशंटचा डुकराशी काही संबंध येतो का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, ताप मेंदूत गेला म्हणायचं आणि घरचे पण गप्प.

जीनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे जंतूच्या डीएनएतली सगळी अक्षरं ओळीनं वाचणं, इथं कामाला येतं. कोरोनात व्हेरियंट हा शब्द पानपट्टीवर पण पाठ झाला होता, 2020 च्या डिसेंबरात केंद्रानं त्यासाठी इन्साकॉग म्हणून लॅबांची साखळी उभी केली, तसलंच हे काम. माणसाचा जीनोम 300 कोटी अक्षरांचा, ह्या बॅक्टेरियाचा साधारण 20 लाखांचा, म्हणजे त्या मानानं छोटं प्रकरण. डुकराच्या घशातला आणि पेशंटच्या पाठीतल्या पाण्यातला जंतू, दोघांची 20 लाख अक्षरं शेजारी लावायची, फरक बोटावर मोजण्याएवढा निघाला तर नातं जवळचं, हजारोंनी निघाला तर त्या डुकराला उगाच बोल लावायचा नाही. कुठलं औषध चालणार नाही त्याचे जीन्स (डीएनएचे तुकडे) पण त्यातच दिसतात.

आणि दरवेळी डुक्करच दोषी असतं असंही नाही बरं का. युरोपात डुकरांच्या फार्मवर सीसी398 नावाचा एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनसारख्या औषधांना दाद न देणारा बॅक्टेरिया, सापडत होता, सगळे म्हणायचे डुकरानं माणसाला दिला. 2012 मध्ये 19 देशांतल्या 89 नमुन्यांचे जीनोम लावून बघितले तर तो मुळात माणसातला निघाला, तेव्हा साध्या औषधाला दबणारा, तो जनावरात गेला, तिथं टेट्रासायक्लिन आणि मेथिसिलिनला दाद न देणारे जीन्स कमावले आणि परत माणसाच्या अंगावर आला. जनावरांना वारेमाप अँटिबायोटिक द्यायचं हे फळ. कोलिस्टिन हे शेवटचं राखून ठेवलेलं औषध, त्याला न जुमानणारा एमसीआर-1 जीन पण 2015 ला चीनमध्ये आधी डुकराच्याच ई. कोलाय ह्या आतड्यातल्या बॅक्टेरियात सापडला, त्यानंतर 2019 च्या जुलैत आपल्या सरकारनं खायच्या जनावरांना कोलिस्टिन द्यायला बंदी घातली.

आपल्या भागात अडचण अजून एक आहे. निपाणीचा पेशंट कोल्हापूर-मिरजेला जातो, खानापूरचा बेळगावला नाहीतर गोव्यात बांबोळीला, चंदगडचा परत बेळगावला येतो, म्हणजे एकाच पट्ट्यातल्या तीन केसेस तीन राज्यांच्या रजिस्टरात आणि जुळवणार कोण? सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याचं व्हायचं ते होईल, पण सिक्वेन्सच्या फायली जुळवायला कोर्टाचा निकाल लागत नाही, मिरजेतली आणि बेळगावातली फाईल एकाच कॉम्प्युटरवर लावून बघता येते. बेळगावात आयसीएमआरची संस्था आहे, मेडिकल कॉलेजं आहेत, जनावरांच्या साथरोगाचा अभ्यास करणारी निवेदी बेंगळुरूत आहे, बर्फाच्या डब्यातला स्वॅब रात्रीच्या बसनं सकाळी पोचतोय की हो. डीसी (जिल्हाधिकारी) साहेबांनी आरोग्य खातं आणि पशुसंगोपन खातं एका टेबलावर बसवलं तर सुरुवात व्हायला एवढं पुरे. आणि कापणाऱ्यांना ग्लोव्हज आधी द्या, ते सिक्वेन्सिंगसाठी थांबायचं काम नव्हे.

तुमच्या वार्ताहरानं पुढच्या डुक्कर पकड मोहिमेला एवढंच विचारावं, की पकडलेली डुकरं कुठं नेली आणि न्यायच्या आधी कुणी एका तरी डुकराचा स्वॅब घेतला का.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, शहापूर, बेळगाव