डॉक्टर मॅडम, आईला आकडे समजावून सांगितल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र ओपीडीत तुमच्या हातातही देता आलं असतं. तरी उघडपणे लिहिते आहे, कारण मेलॅनोमा हा कातडीचा कॅन्सर आपल्याकडे फार कमी दिसतो. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध, घेऊनही तो परत आला, तर घरच्यांना अनुभवाचे चार शब्द सांगणारं कुणी आसपास सापडत नाही. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत हे वाचून एखाद्या घराला आपल्या डॉक्टरांना काय विचारायचं एवढं तरी कळेल.

आईचं दुखणं डाव्या टाचेपासून सुरू झालं. काळा डाग होता, सगळ्यांना टाचेला कुरूप झालंय असं वाटलं. गोऱ्या लोकांत हा आजार बहुतेक वेळा उन्हाशी जोडलेला असतो. आपल्याकडे तो पुष्कळदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली होतो, जिथे ऊन पोचतच नाही. अशा मेलॅनोमाला अ‍ॅक्रल म्हणतात, हे आम्हाला ऑपरेशननंतर कळलं. टाचेचा भाग काढला, मांडीची कातडी लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. पुढे फुप्फुसात ठिपके दिसले म्हणून निव्होल्युमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध सुरू झालं आणि ते चांगलं लागू पडलं. थायरॉइड तेवढा मंदावला, त्याची गोळी मागे लागली. मग एके दिवशी पोटरीवर बारीक काळसर गाठी उठल्या, आणि पेट स्कॅनमध्ये छातीच्या मधल्या भागातल्या गाठीही चमकल्या.

एका ठिकाणी सांगितलं गेलं की इम्युनोथेरपी फेल गेली, उद्यापासून किमो लावू, सही करा. आईने सही केली नाही. दुसऱ्या कुणाला तरी दाखवू म्हणाली, आणि आम्ही पुण्याला तुमच्याकडे आलो.

तुम्ही औषधाचं नाव काढलंच नाहीत. आधी विचारलंत, औषध चालू असताना वाढलं की बंद केल्यावर? बंद करून बराच काळ लोटल्यावर आजार परत आला तर तेच औषध पुन्हा उपयोगी पडू शकतं. चालू असताना वाढला तर वेगळी वाट शोधावी लागते, हे तेव्हा पहिल्यांदा कुणी आम्हाला सांगितलं. आईचा चालू असताना वाढला होता. मग तुम्ही म्हणालात, पोटरीच्या गाठी एक आणि छातीतल्या गाठी वेगळ्या, दोन्हींना एकाच नावाने हाक मारायची घाई नको. पेटमध्ये चमकतं ते सगळं कॅन्सर नसतं. इम्युनोथेरपीने सारकॉइड नावाच्या आजारासारख्या नुसत्या सुजेच्या गाठी येऊ शकतात, आणि आपल्या देशात टीबीही तसाच चमकतो.

पोटरीचा तुकडा काढला, त्यात मेलॅनोमा निघाला. छातीच्या गाठींसाठी घशातून दुर्बीण घालून सुईने नमुना घेतला, त्यात कॅन्सरची एकही पेशी नव्हती. टीबीची तपासणीही निगेटिव्ह आली. तुम्ही रिपोर्ट वाचून आईकडे वळलात आणि म्हणालात, "छातीच्या मधे काही नाही, बाई." ज्या गाठींच्या भीतीने आम्ही आठवडाभर नीट जेवलो नव्हतो, त्या औषधाने उठवलेली नुसती सूज होत्या. फुप्फुसातला एक ठिपका मात्र थोडा वाढला होता आणि पोटरीचा आजार खरा होता.

त्यानंतर तुम्ही मागितला ब्लॉक. पहिल्या ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा ज्यात जपून ठेवतात, तो मेणाचा ठोकळा काड्यापेटीपेक्षा लहान असतो आणि आपल्याला तो मागून मिळतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. भावाने जुन्या लॅबमधून अर्ज देऊन तो आणला. तुम्ही तो आणि पोटरीचा नवा तुकडा जीन तपासणीला पाठवलात. बीआरएएफ नावाच्या जीनमध्ये बदल निघाला नाही, म्हणजे त्या बदलावर चालणाऱ्या डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या औषधांच्या जोडगोळीचा रस्ता बंद झाला. पण किट नावाच्या जीनमध्ये, त्याच्या एक्झॉन ११ या भागात, बदल सापडला. अ‍ॅक्रल मेलॅनोमाच्या थोड्याच पेशंटांत तो असतो, म्हणून शोधायलाच हवा असं तुम्ही आधीच म्हणाला होतात. मेंदूचा एमआरआयही त्याच आठवड्यात करून घेतलात, कारण डोक्यात काही असतं तर सगळं गणित बदललं असतं.

आणि मग ती दुपार. पेट स्कॅनचं रिकामं पाकीट उलटं करून त्यावर तुम्ही बॉलपेनने तीन रकाने पाडलेत. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, तिने पहिला प्रश्न विचारला, "शंभरातल्या किती जणांना?" इतक्या वर्षांत मला कधी सुचला नव्हता असा प्रश्न. तुम्ही खुर्ची तिच्याकडे ओढून घेतलीत आणि पुढचं सगळं तिच्याशीच बोललात.

पहिल्या रकान्यात निव्होल्युमॅबला इपिलिम्युमॅब या दुसऱ्या इम्युनोथेरपीची जोड. पहिली इम्युनोथेरपी थकल्यावर ही जोडी दिली तेव्हा शंभरात २८ जणांचा आजार आकसला, एकट्या इपिलिम्युमॅबने ९ जणांचा. पण जोडी घेणाऱ्या शंभरातल्या ५७ जणांना गंभीर त्रास झाला: आतड्याला सूज, लिव्हर, हॉर्मोन. तुम्ही विचारलंत, रात्री दोनला जुलाब सुरू झाले तर तासा-दोन तासांत मोठ्या दवाखान्यात कोण पोचवेल? आमचं गाव साताऱ्यापासूनही आत आहे, शेवटची एसटी संध्याकाळी जाते. तुम्ही "गावचं अंतर" हे शब्द त्या रकान्यात लिहिलेत, त्रासांच्या यादीत. दवाखान्यापासूनचं अंतर हाही औषधाचा तोटा होऊ शकतो, हे मला तेव्हा समजलं.

दुसऱ्या रकान्यात इमॅटिनिब. रक्ताच्या कॅन्सरची ही गोळी किट बदललेल्या मेलॅनोमावरही चालते. चीनमधल्या २०११ च्या अभ्यासात ४३ पेशंटांपैकी १० जणांचा आजार आकसला, आणखी काहींचा जागच्या जागी थांबला, पण निम्म्या लोकांत साडेतीन महिन्यांच्या आतच पुन्हा वाढला. अमेरिकेतल्या २०१३ च्या अभ्यासात किटमध्ये खरा बदल असलेल्या १३ पैकी ७ जणांना फायदा झाला. जीनच्या नुसत्या जास्त प्रती असलेल्यांपैकी कुणालाच नाही. हे आकडे लहान अभ्यासांचे आहेत, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. एक्झॉन ११ असल्यामुळे आशेला जागा आहे, आणि टिकेलच असा शब्द देता येत नाही, ही दोन्ही वाक्यं तुम्ही एकाच आवाजात बोललात.

तिसरा रकाना न्यू जर्सीच्या मावसभावासाठी होता. त्याने फोनवर टीआयएल उपचाराचा धोशा लावला होता. तुम्ही त्याला उडवून लावलं नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला हा उपचार खरा आहे म्हणालात. गाठीतून पेशंटच्याच लढाऊ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या, आधी जोरदार किमो देऊन मग त्या शरीरात सोडायच्या. ७३ जणांत साधारण ३१ टक्के लोकांचा आजार आकसला, काहींचा दीर्घकाळ. पण मान्यता मिळाली तेव्हाची किंमत पाच लाख पंधरा हजार डॉलर, हॉस्पिटलचा खर्च वेगळा, आणि शरीर तेवढं सोसणारं हवं. भाऊ रस्त्याकडच्या जमिनीचं बोलू लागला, तेव्हा तुम्ही स्पष्ट म्हणालात, "यासाठी जमीन विकू नका." हे ऐकवायला धाडस लागतं. आमच्या घरात ते बोलण्याची हिंमत कुणात नव्हती.

शेवटी तुम्ही आईला विचारलंत, तुम्हाला या वर्षात काय करायचंय? ती म्हणाली, मुलं शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायची आहेत. निवृत्तीनंतर गावातल्या मुलांना ती ओसरीवर फुकट शिकवते. महिनोन् महिने दवाखान्यात पडून राहायचं नाही, आणि डोकं शाबूत हवं, एवढंच तिचं मागणं होतं. तुम्ही ते तसंच्या तसं केसपेपरवर लिहून घेतलंत. मी डोकावून पाहिलं, हिस्टरीच्या खालीच होतं.

तिने गोळी निवडली. तुम्ही पाकिटावर लिहिलंत: आधी इमॅटिनिब, ठरल्या वेळी स्कॅन, वाढलं तर न रेंगाळता जोडी, आणि तेव्हा सुरुवातीचे काही महिने पुण्यात राहायची सोय. आमच्या समाधानासाठी परळला टाटा मेमोरियलमध्ये स्लाइड दाखवून या, असंही तुम्हीच सुचवलंत. दुसरं मत घेतलं तर डॉक्टरांना राग येईल ही आमची धास्ती त्या एका वाक्याने गेली.

इमॅटिनिबची ब्रँडची गोळी एकेकाळी महिन्याला एक लाख वीस हजारांना होती. पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, म्हणून आज तीच जेनेरिक गोळी आम्हाला महिन्याला काही हजारांत मिळते. मॅडम, त्या निकालाची बातमी मी तेव्हा वाचली असेन आणि पान उलटलं असेन. आता दर महिन्याला मेडिकलवाल्याला पैसे देताना तो खटला लढवणाऱ्या कॅन्सर पेशंटांच्या संघटनेचेही मनातल्या मनात आभार मानते.

आईच्या पोटरीच्या गाठी सपाट झाल्या आहेत, दोन तर हाताला लागतच नाहीत. फुप्फुसातला ठिपका आहे तेवढाच आहे. सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, रात्री पोटरीत गोळे येतात, जेवणानंतर गोळी घेतली तर मळमळ कमी होते. हे किती काळ चालेल, ते तुम्ही सांगितलंय तेवढंच आम्हाला माहीत आहे. पाकीट देवघराच्या फळीवर ठेवलंय. वाढलं तर काय करायचं यावर घरात आता भांडण होत नाही, कारण ते ठरलेलं आहे.

पुढचा स्कॅन तुम्ही परीक्षेनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवलात, ती तारीख आईने मुलांच्या वेळापत्रकाशेजारी लिहून ठेवली आहे. स्कॅनला येताना ती स्वतः तुम्हाला भेटणार आहे आणि मुलांचा निकाल कधी लागणार तेही सांगणार आहे. आम्हा सगळ्यांतर्फे, आणि खास करून भावातर्फे, ज्याची जमीन आणि झोप दोन्ही तुम्ही वाचवलीत, मनापासून आभार.

आपली,
एका पेशंटची मुलगी
जि. सातारा