तापानंतरचे पत्र

परतवाडा, ८ जुलै

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज सांगितलेस की मध्यंतरी तीन दिवस ताप होता, आता उतरला आहे, आणि लगेच, मेक्सिकोत माया भाषा शिकण्यासाठी ज्या आजींच्या घरी राहतेस, त्या घरच्या मधमाश्यांविषयी बोलू लागलीस. नांगी नसलेल्या, लाकडाच्या पोकळ ओंडक्यात पाळलेल्या त्या माश्यांचा पातळ मध पूर्वीपासून डोळ्यांच्या औषधासाठी वापरतात, हे मी ऐकले आणि लक्षातही ठेवले. परंतु फोन ठेवल्यापासून माझ्या मनात तो तापच आहे. बोलताना मी पुन्हा विचारले की तू विषय बदलतेस, म्हणून लिहीत आहे. एकदा सगळे लिहून टाकते, म्हणजे पुन्हा त्याविषयी बोलायला नको.

तुला नववीत डेंग्यू झाला होता. त्याच्या विषाणूचे चार प्रकार आहेत, आणि एकदा एका प्रकाराची लागण होऊन गेलेल्या माणसाला पुढे दुसऱ्या प्रकाराची झाली, तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. तू राहतेस त्या युकातानच्या सगळ्या द्वीपकल्पात पावसाळ्यात डेंग्यू असतोच. शिवाय लोक फसतात ते ताप उतरल्यावर, कारण आता बरे वाटते म्हणून ते कामाला लागतात आणि धोक्याचे एक-दोन दिवस नेमके तेव्हाच सुरू होतात. पोटात सतत दुखू लागले, वारंवार उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आले किंवा उठवत नाही असा थकवा वाटला, तर सकाळ होण्याची वाट न पाहता दवाखान्यात जायचे. अंगदुखीवर पॅरासिटामॉलच घ्यायची, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नाही. हे तुला पाठ आहे, आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवरची पाटी तूच रंगवली होतीस, तरीही लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

तिथल्या आजी स्पॅनिश फारशी बोलत नाहीत, हे ऐकून तुझ्या बाबांना काळजी वाटली. मला मात्र बरे वाटले. धारणीला मी नव्याने रुजू झाले तेव्हा मराठीत काहीही विचारले तरी बायका नुसती मान हलवीत आणि मी नोंदवहीत ‘तक्रार नाही’ असे लिहून परत येई. कोरकू मी बाळंतिणींच्या खाटेशेजारी बसून शिकले. बाळाला कधीपासून ताप आहे, अंगावर पाजतेस का, एवढे त्यांच्या भाषेत विचारता येऊ लागले तेव्हा त्या स्वतःहून बोलू लागल्या, आणि पुढे तर बोलणे थांबवणे कठीण झाले. तू वर्गाबाहेर, आजींच्या चुलीपाशी बसून माया भाषा शिकतेस, मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतेस, याचे मला किती समाधान आहे ते फोनवर सांगता येत नाही. (चुन्यात शिजवल्यानेच मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागते आणि त्याच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा आजार होत नाही, कोणाही पोषणतज्ज्ञाने सांगण्याच्या कितीतरी आधीपासून त्या बायका हे करीत आल्या आहेत, हे तुझ्या टिपणांत अवश्य लिही.)

यावरून सुचले. तुम्हाला पहिल्या आठवड्यात नातीगोती, शेत आणि स्वयंपाक यांचे शब्द शिकवले, ते योग्यच आहे. परंतु पोटात दुखते, चक्कर येते, मला डॉक्टरकडे न्या, एवढी वाक्ये आजींकडून आजच शिकून घे. रात्री घरात त्याच असतील, तेव्हा तुझे इंग्रजी उपयोगाचे नाही आणि तुझे स्पॅनिशही नाही. तापाविषयी पुन्हा लिहिणार नव्हते, पण हे भाषेविषयीच आहे असे समज.

होसे मारिया मोरेलोस गावच्या माया विद्यापीठातल्या मुलांविषयी तू जे सांगितलेस ते मनातून जात नाही. घरात आजी-आजोबा माया बोलतात, आईवडिलांना ती येते, पण मुलांशी ते स्पॅनिशच बोलले, आणि आता तीच मुले तुझ्याशेजारी बसून आपल्या आजीची भाषा परकी म्हणून शिकतात. तुझ्या बाबांना मानी गावाची गोष्ट फार लागली. १५६२ साली दिएगो दे लांदा या पाद्र्याने तिथे माया पोथ्या जाळल्या आणि आज जगात चारच उरल्या आहेत, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असतात. मला मात्र पोथ्यांपेक्षा ते आईवडील दिसतात. आपली भाषा बोलल्यावर शाळेत काय ऐकावे लागते ते ठाऊक असल्यानेच त्यांनी ती मुलांपासून दूर ठेवली असणार. मेळघाटातही मी हेच पाहिले. मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेत युकातानची माया बोलणारे सुमारे ७ लाख ७५ हजार आहेत, आणि आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सुमारे ७ लाख २७ हजार. हे दोन्ही आकडे मी माझ्या जुन्या नोंदवहीत एकाखाली एक लिहून ठेवले आहेत.

म्हणून सांगते, त्या मुलांच्या चुका तू दुरुस्त करू नकोस, तुझे व्याकरण त्यांच्यापेक्षा पक्के असले तरी. आजींचे बोलणे ध्वनिमुद्रित करण्याआधी दर वेळी विचार, त्या कधीच नाही म्हणणार नाहीत असे वाटले तरी विचार. त्यांच्या घरातली दुःखे प्रबंधाला उपयोगी पडतील म्हणून उकरू नकोस. हे लिहिताना शैलाआत्यासारखा माझा सूर लागला, त्याची क्षमा कर. तू कशी वागतेस हे मला ठाऊक आहे, आणि लहानपणी माझ्याबरोबर पाड्यांवर येऊन कोणाच्याही अंगणात न सांगता भाकरी थापायला बसणारी मुलगी तूच होतीस.

झुल्यावर मच्छरदाणी लावतेस ते चांगलेच आहे, पण डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर. पूर्ण बाह्यांचे, अंगभर कपडे घाल. पाण्याची पिंपे उघडी असतील तर आजींना शिकवायला जाऊ नकोस. मी परक्या घरातली भांडी उपडी करीत असे ती गणवेशात, तू तिथे पाहुणी आहेस. झाकण तूच आणून घाल, भेट म्हणून.

त्या तीन रात्री आजी तुझ्या झुल्याशेजारी बसून होत्या, हे तू शेवटी, फोन ठेवता ठेवता सांगितलेस. मला फार हायसे वाटले आणि त्याच वेळी फार वाईटही वाटले. त्यांना माझा नमस्कार सांग. तो त्यांच्या भाषेत सांग आणि माझे नाव घेऊन सांग.

हे पत्र बाबा टंकून आज रात्रीच पाठवतील. उद्या सकाळी आधी रक्त तपासून घे आणि मग वर्गाला जा. अहवालाचे छायाचित्र पाठव. प्लेटलेट आणि हिमॅटोक्रिट हे दोन्ही आकडे मला हवे आहेत, नुसते ‘ठीक आहे’ असे लिहू नकोस. पैशांची अडचण असेल तर बाबांकडे न मागता माझ्याकडे माग.

तुझी,
आई