वडासाठी वाकळ देणाऱ्या क्रेनवाल्या दादांचे आभार

कळंब्याच्या पुढं प्लॉटिंग वाढलं, रस्ता रुंद करायला घेतला आणि बांधावरचा वड मध्ये आला. तोडण्याऐवजी गायरानात हलवायचं ठरलं. फांद्या छाटून कापांवर बुरशी लागू नये म्हणून मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली, भोवती चर खणून मुळांचा मातीसकट गड्डा ओल्या पोत्यांनी आवळला. उचलताना मात्र साखळी सालीत रुतली. साल चहूबाजूंनी सोलली गेली, की पानांतलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही, झाड जातं.

वाटेनं निघालेल्या दुसऱ्या क्रेनच्या दादांनी ते बघून गाडी थांबवली. साखळी काढायला लावली, स्वतःचे रुंद पट्टे दिले. एक गड्ड्याखालून, एक खोडाला. पोती कमी पडली, तर केबिनमधली वाकळ घडी करून पट्ट्याखाली सारली. घरची, हातानं शिवलेली. चिकानं पार माखली.

उसाच्या फडातून आलेल्या पोरांनी खड्ड्यात पाणी सोडत काठीनं माती ठासली. पोकळी राहिली की मुळं वाळतात. त्यांचेही मनापासून आभार.

दादा, तुम्ही पैसे घेतले नाहीत, नावही सांगितलं नाही. वडाला दोन कोंब फुटलेत. वाकळ धुऊन ग्रामपंचायतीत ठेवलीय, डाग तेवढे निघाले नाहीत. जाता-येता घेऊन जा.