हाताला येतं तेही पदवीत धरा: उच्च शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय उच्च शिक्षणमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी महाविद्यालयात विद्युत यंत्रं हा विषय शिकवतो. कामातून शिकलेलं तपासून ते पदवीत धरावं, अशी माझी विनंती आहे. हे पत्र लिहायला बसलो त्याला कारण एक जर्नल आहे. प्रयोगशाळेच्या कपाटात ते पडून आहे. त्यात पहिले चार प्रयोग नीट, ठळक अक्षरात लिहिलेले आहेत आणि पुढची सगळी पानं कोरी आहेत.

ज्यांचं ते जर्नल आहे ते गृहस्थ संध्याकाळच्या तुकडीत होते. वय चाळिशीच्या पुढे, मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरमध्ये नवी तार भरायचं काम करून 22 वर्षं झालेली. वर्गातली मुलं त्यांना मिस्त्रीकाका म्हणायची. एकदा प्रॅक्टिकलच्या वेळी एका गटाने थ्री फेज मोटर चालू केली. ती फिरेना, नुसतीच घुमायला लागली. मुलं जोडणीच्या आकृतीत डोकं घालून वायरी तपासत होती. मिस्त्रीकाका तीन टेबलं सोडून उभे होते. तिथूनच ते ओरडले, "बंद करा आधी! एक फेज येत नाहीये, वाइंडिंग जळेल." फ्यूज काढून पाहिला, तर एक उडालेला होता. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका मोटरपाशी त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हणाले, "पुढचं बेअरिंग संपलंय, सर." उघडलं तर आतलं ग्रीस वाळून गेलं होतं आणि रेसवर खड्डे पडले होते. मी इतकी वर्षं हा विषय शिकवतोय, पण मला तो आवाज ऐकू आला नव्हता.

तोंडी परीक्षेत मी त्यांना विचारलं, "स्लिप म्हणजे काय?" ते खाली मान घालून गप्प राहिले. मग मी प्रश्न फिरवला. म्हटलं, चार पोलची मोटर 50 हर्ट्झवर 1500 फेऱ्यांनी फिरायला हवी, पण नेमप्लेटवर 1440 लिहिलंय. मग मधल्या 60 फेऱ्या गेल्या कुठे? त्यावर ते मोकळेपणाने बोलायला लागले. "सर, ती पूर्ण 1500 ला पोचली तर ओढणार कशाच्या जोरावर? मागे राहते म्हणून तर ओढते. रिकामी पळवली की 1500 च्या अगदी जवळ जाते, लोड टाकला की खाली येते. नेहमीच्याच लोडला फार खाली यायला लागली, तर रोटरचे बार तुटलेत का ते बघायचं."

मंत्री महोदय, स्लिप या प्रकरणाचा गाभा तो हाच. मी तो दोन तासिकांत शिकवतो. त्यांच्याकडे फक्त 'स्लिप' हा शब्द नव्हता.

पण मी त्यांची बाजू वाढवून सांगणार नाही. तीन फेजच्या प्रवाहातून फिरतं चुंबकीय क्षेत्र कसं तयार होतं, हे त्यांना सांगता आलं नाही. समतुल्य मंडल, म्हणजे मोटरचं गणित मांडायची विद्युत आकृती, त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. म्हणजे माझ्या विषयाचं प्रॅक्टिकल त्यांना संपूर्ण येत होतं, सिद्धान्त निम्मा येत होता, आणि उरलेला निम्मा शिकायला तर ते वर्गात आले होते. हे सरळ दिसत होतं. पण सरळ दिसणाऱ्या गोष्टीची नोंद करायला आमच्या नियमांत एकही रकाना नव्हता. जे त्यांना येत होतं त्याचेही तास भरायचे, जर्नल पुरं करायचं, हजेरी लावायची. त्यांच्या धंद्यात काम वेळ पाहून येत नाही. मोटर जळाली की गिऱ्हाईकाचं सगळं काम थांबतं आणि हातातलं टाकून जावं लागतं. हजेरी कमी पडली, परीक्षेला बसता आलं नाही, पुढच्या सत्राला ते आले नाहीत. कमी हजेरीच्या यादीवर सही माझी होती.

पदवीचा अभ्यास आपण क्रेडिटमध्ये मोजतो आणि क्रेडिट ठरतं तासांवर. म्हणून मी या मापाच्या मुळाशी जाऊन पाहिलं. अमेरिकेत 1906 च्या सुमारास कार्नेगी प्रतिष्ठानाने प्राध्यापकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आणली. ती ज्या महाविद्यालयांना हवी होती, त्यांना प्रवेशासाठी एक ठरावीक माप मान्य करावं लागलं: एका विषयाचे सुमारे 120 तास म्हणजे एक युनिट. अभ्यास तासांत मोजायची ही पद्धत तिथून पसरली. मुलाला काय आलं हे सांगणारं माप म्हणून ती जन्मालाच आली नव्हती. निवृत्तिवेतन कुणाला द्यायचं याच्या हिशेबातून ती आली. पुढे युरोपने एका क्रेडिटला 25 ते 30 तासांचा अभ्यास धरला, भारताच्या 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने 30 तास धरले. या नव्या मापांमध्ये वर्गाबाहेरचे श्रमही धरलेत आणि काय आलं पाहिजे हेही लिहिलंय, ही सुधारणा मोठी आहे. तरी प्रत्यक्ष महाविद्यालयात आम्ही मोजतो ते हजेरीपटावरचे तासच.

तासांचं माप वाईट आहे असं मी म्हणत नाही. अठरा वर्षांच्या मुलाला कोऱ्या पाटीपासून शिकवायचं असेल, तर किती तास लागतील याचा अंदाज हवाच. पण जो माणूस शिकूनच आलाय, त्याला तेच तास पुन्हा भरायला लावणं म्हणजे पोहता येणाऱ्याला काठावर बसवून पोहण्याचे धडे वाचून दाखवणं.

यावर उपाय शोधायला आपल्याला कुठे अंधारात चाचपडावं लागणार नाही. फ्रान्समध्ये 1934 सालीच, पदवी नसलेल्या पण इंजिनिअरचं काम वर्षानुवर्षं केलेल्या माणसांना सरकारी इंजिनिअर पदविका मिळवायची वाट कायद्याने खुली झाली. 2002 च्या जानेवारीतल्या कायद्याने तर अनुभवाच्या जोरावर संपूर्ण पदवीही मिळू शकते, असा हक्कच दिला. अमेरिकेत 1945 पासून सैन्यातल्या प्रशिक्षणाचं महाविद्यालयीन क्रेडिटमध्ये मूल्यमापन होत आलंय, कारण युद्धावरून परतलेल्या तरुणांना पुन्हा पहिल्या पायरीवर उभं करणं अन्यायाचं होतं. 1967 पासून तिथे क्लेपच्या परीक्षा आहेत: विषय कुठेही शिका, परीक्षा द्या आणि ती मानणाऱ्या महाविद्यालयात क्रेडिट घ्या. दक्षिण आफ्रिकेने वर्णभेदाची राजवट संपल्यावर 1995 मध्ये पात्रतांची राष्ट्रीय चौकट, म्हणजे कोणतं शिक्षण कोणत्या पातळीचं धरायचं याची व्यवस्था, उभारायला घेतली. ज्यांना शाळेचं दारच बंद होतं त्यांच्या शिक्षणाची कदर करणं हा तिथे न्यायाचा प्रश्न मानला गेला. वर्गाबाहेर शिकलेल्याला मान्यता कशी द्यावी याबद्दलची युनेस्कोची मार्गदर्शक तत्त्वं 2012 ची आहेत.

यातली फ्रान्सची पद्धत मला सगळ्यात जवळची वाटते, आणि ती कशी चालते हे आपण खात्यातल्या कुणाकडून तरी बारकाईने समजून घ्यावं, अशी विनंती आहे. अर्जदार आधी आपल्या कामाची माहिती देतो. मग सविस्तर कागद तयार करतो: मी काय काम करतो, कसं करतो, अडचण आली तेव्हा काय निर्णय घेतला आणि का. हे कागद एका मंडळापुढे जातात. मंडळात शिक्षक असतात आणि त्या व्यवसायातली माणसंही असतात. ते अर्जदाराला समोर बसवून विचारतात. आणि निकाल फक्त हो किंवा नाही असा नसतो. पूर्ण मान्यता देता येते, नाकारता येते आणि अंशतः मान्यताही देता येते. एवढा भाग तुम्हाला येतो, तो आम्ही धरला, उरलेला अमुक भाग शिकून या. मिस्त्रीकाकांना नेमका हाच निकाल हवा होता. प्रॅक्टिकल धरलं, फिरतं क्षेत्र आणि समतुल्य मंडल शिकायला बसा.

आता त्या कागदांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण योजना फसते ती बहुतेक तिथेच. ज्याच्या हातात विद्या आहे त्याला ती शब्दांत मांडायची सवय नसते. मिस्त्रीकाकांना "तुमच्या शिक्षण निष्पत्ती लिहा" असा फॉर्म दिला असता, तर त्यांनी लिहिलं असतं: 'मोटर भरतो.' दोनच शब्द. त्या दोन शब्दांत जळक्या वाइंडिंगचे वेढे मोजणं आहे, तारेचा गेज ओळखणं आहे, कॉइलचा पिच धरणं आहे, स्लॉटमध्ये कागद बसवणं आहे, वार्निश देऊन भट्टीत सुकवणं आहे आणि शेवटी इन्सुलेशनची चाचणी आहे. मोटर का जळाली हे न सांगता ती परत दिली, तर ती पुन्हा जळणार, म्हणून कारण शोधणंही आहे. हे सगळं त्यांच्याकडून बोलतं करून घेणारं, अभ्यासक्रम शेजारी ठेवून "तुम्ही सांगताय ते या प्रकरणात येतं" असं दाखवणारं माणूस लागतं. फ्रान्समध्ये अशा सोबतीची सोय आहे. ती नसेल तर या योजनेचा फायदा ज्यांना आधीच लिहिता-बोलता येतं तेच घेतील, आणि ज्यांच्यासाठी ती आहे ते फॉर्मच्या पहिल्या पानावर अडतील. आपण एकाच गोष्टीवर पैसा खर्च करणार असाल, तर तो या सोबतीवर करा. पोर्टल नंतर झालं तरी चालेल.

माझे अनेक सहकारी या कल्पनेला विरोध करतात आणि त्यांचा विरोध मी हलक्यात घेत नाही. ते म्हणतात, यातून पदव्यांची दुकानं निघतील. 20 वर्षांच्या नोकरीचा दाखला आणा, पैसे भरा, क्रेडिट घेऊन जा. ही भीती खरी आहे. म्हणूनच एक फरक नियमात पांढऱ्यावर काळं करून लिहायला हवा: क्रेडिट शिकल्याबद्दल द्यायचं, वर्षं काढल्याबद्दल नाही. 22 वर्षं एकच वर्ष 22 वेळा जगलेली माणसं मी पाहिलीत, आणि दोन वर्षांत सगळं आत्मसात केलेली मुलंही पाहिलीत. अनुभवाचा दाखला म्हणजे फार तर दारावरची घंटा. आत येऊन करून दाखवावंच लागेल. माझ्या विषयात ते अवघड नाही. एक बिघडलेली मोटर पुढे ठेवायची आणि दोन परीक्षकांनी शेजारी उभं राहून पाहायचं, विचारायचं. खोट्या दाखल्याने बेअरिंगचा आवाज ऐकू येत नाही.

दुकानं थांबवायचा आणखी एक उपाय आहे, आणि तो पैशाशी बांधलेला आहे. अमेरिकेत या क्षेत्रात 1974 पासून काम करणाऱ्या केल या संस्थेने ठरवलेल्या मानकांत एक साधा नियम आहे: शुल्क मूल्यमापनाच्या कामासाठी घ्यायचं, दिलेल्या क्रेडिटच्या संख्येवर नाही. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. अर्जदाराला 2 क्रेडिट मिळोत, 12 मिळोत की एकही न मिळो, संस्थेला तेवढेच पैसे मिळणार असतील, तर क्रेडिट वाटण्यात संस्थेचा फायदा उरत नाही. उलट, क्रेडिट दिल्यामुळे संस्थेची तेवढ्या अभ्यासक्रमाची फी बुडते म्हणून ते नाकारण्याकडेही कल असतो. तोही बंद करायला हवा. नकार लेखी आणि कारणांसह द्यावा लागला तर तो आपोआप विचारपूर्वक दिला जाईल.

शिक्षकांच्या मनात आणखी एक गोष्ट असते, ती सहसा कुणी बोलत नाही. वर्गात न येता कुणाला विषय येत असेल, तर माझं काय काम? मलाही त्या तोंडी परीक्षेनंतर काही दिवस अस्वस्थ वाटलं होतं. पण मग लक्षात आलं की त्यांना जे येत नव्हतं ते सांगू शकणारा मीच होतो, आणि माझा निम्मा वेळ मी त्यांना येत असलेलं शिकवण्यात घालवत होतो. तोच वेळ उरलेल्या निम्म्यासाठी मिळाला असता, तर ते शिकून गेले असते.

एका गोष्टीकडे मात्र खात्यानेच लक्ष घालायला हवं, महाविद्यालयांच्या हातात ते नाही. एका संस्थेने तपासून दिलेलं क्रेडिट दुसरीने मानलं नाही, तर माणसाला दर वेळी नव्याने सिद्ध करावं लागतं. वर्गात बसून मिळवलेलं क्रेडिट आणि तपासून मिळालेलं क्रेडिट यांत गुणपत्रिकेवर उणेपणा दाखवणारी कसलीही खूण नको. तसंच, मूल्यमापनाचे तास शिक्षकाच्या कार्यभारात धरले जावेत. परीक्षक म्हणून कारागीर आला तर त्याला प्राध्यापकाइतकंच मानधन मिळावं. त्याचा तो दिवस कामावरून बुडालेला असतो.

मला माहीत आहे, आपल्यापुढे रोज शेकडो निवेदनं येतात. सगळ्या विषयांत, सगळीकडे हे एकदम सुरू करा असं मी म्हणत नाही. जिथे ज्ञान हातात दिसतं आणि तासाभरात तपासता येतं असे विषय आधी घ्या: विद्युत यंत्रं, यंत्रशाळा, शुश्रूषा, हिशेब, बालसंगोपन. एक सत्र चालवून पाहा. किती आले, कुठे अडले, किती जण उरलेला भाग शिकायला वर्गात टिकले, हे मोजा आणि जाहीर करा.

परीक्षक नेमायची वेळ येईल तेव्हा माझं नाव यादीत घ्यावं. सुट्टीचे दिवस द्यायला मी तयार आहे, मानधन नसलं तरी चालेल. मिस्त्रीकाकांचा फोन नंबर माझ्याकडे अजून आहे. आपल्या खात्याचं परिपत्रक निघालं की त्याच दिवशी मी त्यांना फोन करेन आणि जर्नल पुरं करायची गरज नाही एवढं सांगेन.

आपला,
विद्युत यंत्रं शिकवणारा एक प्राध्यापक