राजारामपुरीतल्या रेडिओवाल्या काकांना उघड पत्र

आदरणीय काका,

शि. सा. नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून चप्पल घालायला लागता. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहिते आहे.

आम्ही या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हापासून आई एकच तक्रार करत होती : "यात डग्गा कुठं गेला गं?" सेट तोच, स्पीकर तेच, गाणीही तीच. जोडणी करून देणारा मुलगा सगळं ठीक आहे म्हणून गेला होता. मी बास वाढवून पाहिला, पण फरक पडेना. शेवटी माझा संशय आईच्या कानांवर गेला. एकाहत्तर वर्षांची बाई, ऐकू कमी येत असणार. तिला तपासणीला घेऊन गेले आणि रिपोर्ट चांगला आल्यावरही मनातून माझा संशय गेला नाही. कोल्हापूरच्या देवल क्लबच्या मैफली ऐकत तयार झालेले कान आहेत ते, हे मला कळायला हवं होतं.

तुम्ही आलात ते पिशवीत मल्टिमीटर घेऊन, पण तो बाहेर काढण्याआधी आईसमोर स्टूल ओढून बसलात आणि विचारलंत, "वहिनी, नेमकं काय ऐकू येत नाही?" आई म्हणाली, "तानपुरा भिंतीभिंतीतून येतो. गवई एका जागी बसत नाही. आणि डग्गा नाही." तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "निदान झालं की. आता नुसतं तपासायचं." त्या क्षणी आईचा चेहरा कसा झाला ते तुम्ही पाहिलं नसेल, तुम्ही रिसीव्हरच्या, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या डब्याच्या मागे वाकला होता. मी पाहिला. खरं तर हे पत्र त्या एका प्रश्नासाठी आहे.

पुढचं मी जसं शिकले तसं लिहिते, म्हणजे आणखी कुणाच्या घरी डग्गा हरवला असेल तर सापडेल.

तुम्ही बॅलन्सचा खटका पूर्ण डावीकडे नेलात. एकटा डावा स्पीकर वाजू लागला आणि डग्गा घुमला. पूर्ण उजवीकडे नेल्यावरही तो होता. मधे आणला की गायब! दोन्ही स्पीकर मिळून एकाच्या निम्मासुद्धा खर्ज देत नव्हते. मग प्लग काढून, रिसीव्हरकडची वायरची टोकं सोडवून तुम्ही दीड व्होल्टचा साधा सेल घेतलात आणि लाल खुणेची तार धन टोकाला, दुसरी ऋण टोकाला क्षणभर टेकवलीत. डाव्या स्पीकरचा पडदा टक् करून बाहेर आला. उजव्याचा आत गेला. कपाटामागे कुणीतरी वायरला जोड दिला होता आणि त्या जोडात तारांची अदलाबदल झाली होती.

एक पडदा हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, मग दोघांची बेरीज शून्याकडे जाते. शंभर हर्ट्झच्या स्वराची लाट सुमारे ३.४ मीटर लांब असते, त्यामुळे सहा-सात फुटांवरचे दोन स्पीकर तिला सहज खोडून टाकतात. वरच्या स्वरांच्या लाटा काही सेंटिमीटरच्या. त्या पूर्ण पुसल्या जात नाहीत, खोलीभर विस्कटतात. आईचा तानपुरा भिंतींतून का येत होता, ते मला तेव्हा समजलं.

जोड सरळ करून काम संपलं असतं, पण तुम्हाला ती वायरच पसंत पडली नाही. पेपरच्या कडेला तुम्ही केलेला हिशेब मी कापून ठेवला आहे. तांब्याची एक चौरस मिलिमीटर जाडीची तार मीटरला साधारण ०.०१७ ओहम रोध करते, म्हणजे विजेला तेवढा अडथळा. आमचा उजवा स्पीकर वायरीच्या वाटेनं १२ मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन २४ मीटर. जुनी वायर ०.२ चौरस मिलिमीटरची, तिचाच रोध दोन ओहमच्या वर. स्पीकर सहा ओहमचा. म्हणजे ताकदीचा चौथा हिस्सा वायरीतच जिरत होता, आणि पडद्यावरची ॲम्प्लिफायरची पकडही सैल होत होती. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीनं तो रोध ०.२८ ओहमच्या आत आला. महागड्या ऑडिओ केबलचं मी विचारलं, तर तुम्ही सांगितलंत : शुद्ध तांबं, बारीक पदरांची लवचीक वायर, एवढं बघ. दुकानात ब्लेडनं तार खरवडून पाहा, आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, ठेवून दे. मी पाहिलं. पहिलं बंडल पांढरं निघालं.

डावा स्पीकर तुम्ही जोडलात, उजवा मला जोडायला लावलात. अर्धा इंच सोलायचं, पदर पिळून एकजीव करायचे, केसाएवढी तारही शेजारच्या टर्मिनलला लागता कामा नये, नाहीतर शॉर्ट होऊन रिसीव्हर जळू शकतो. माझे हात कापत होते आणि तुम्ही एकदाही वायर माझ्या हातातून घेतली नाहीत.

रिसीव्हर दुपारी आपोआप का बंद पडायचा तेही त्याच दिवशी निघालं. स्वयंपाकघरातली सहा ओहमची जोडी मी त्याच टर्मिनलमध्ये कोंबली होती. समांतर जोडल्यावर तीन ओहम होतात आणि रिसीव्हरच्या पाठीवर तर किमान सहा लिहिलेलं; रोध कमी म्हणून वीज जास्त खेचली जायची आणि तो बंद पडायचा. ती जोडी आता 'बी' लिहिलेल्या वेगळ्या टर्मिनलवर आहे, एका वेळी एकच जोडी वाजते.

मग तुम्ही कोपऱ्यातला स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे घेतलात, आईच्या खुर्चीपासून दोन्ही सारख्या अंतरावर ठेवलेत आणि मोगूबाई कुर्डीकरांचं जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावायला सांगितलंत. मोनोत दोन्ही स्पीकरना एकच आवाज जातो, म्हणून जोडणी बरोबर असेल तर गाणारी व्यक्ती बरोबर मधे बसली पाहिजे. आईनं डोळे मिटले. थोड्या वेळानं दोन स्पीकरच्या मधल्या रिकाम्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "इथं बसल्यात." आणि मग समेवर डग्ग्याची घुमारी आली तशी तिनं मांडीवर थाप दिली. आईच्या हाताला ताल धरताना मी वर्षभर पाहिलं नव्हतं.

रात्री मी आईची माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "त्यांनी विचारलं तरी."

गेल्या रविवारी इचलकरंजीला मावशीकडे गेले होते. तिच्या सेटवर बॅलन्स फिरवून पाहिला, सेल टेकवून पाहिला. तिथली जोडणी नीट होती, पण वायर पांढरी निघाली. दीड चौरस मिलिमीटरची आणून मीच बदलून दिली.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, तेव्हा आईचा निरोप तरी घ्या. शनिवारी संध्याकाळी या. मधली खुर्ची तुमच्यासाठी ठेवली आहे, ती बाजूला बसेल म्हणते. तुमचा वायर सोलायचा चिमटाही आमच्याकडेच राहिला आहे.

तुमची,
जिनं उजवा स्पीकर जोडला ती